शेजाऱ्याचं टरफल, आपला बॉयलर: एमआयडीसीत कचऱ्याची देवाणघेवाण जमवायची कशी

कुडाळ-वेंगुर्ल्याकडे काजूची युनिटं, आंब्याचं कॅनिंग, राईस मिल, बेकऱ्या सगळं हाकेच्या अंतरावर, तरी एकजण साल-कोय उचलायला ट्रॅक्टरवाल्याला पैसे मोजतो आणि त्याच रस्त्यावरचा दुसरा बॉयलरसाठी लाकूड शोधत फिरतो. हे दोघं जोडायचे कसे ते ठेचकाळत जेवढं कळलं तेवढं लिहितोय. मी एका कॅनिंग युनिटचं स्टोअर बघतो, इंजिनियर वगैरे नाही.

सुरुवात वजनकाट्यापासून करा. "भरपूर निघतं हो" म्हणून चालत नाही. पंधरा दिवस रोज काय निघालं, किती किलो, ओलं की सुकं, कशात मिसळून, एवढं वहीत लिहा. आमच्याकडे 100 किलो आंब्यामागे साल-कोय मिळून 30-40 किलो तरी निघतं, आणि दोन्ही एकाच ढिगात टाकलं की दोन्ही वाया. कोय वेगळी काढून सुकवली तर जळते, साल बायोगॅसला जाते. वेगळं करायचं ते लाइनवरच करा, नंतर ढीग उपसायला कोणी तयार होत नाही, मीही नाही.

मग वर्षाचं कॅलेंडर मांडा, इथेच बहुतेक गाड्या अडकतात. कॅनिंग एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत. काजू बीचा हंगाम उन्हाळ्यात, पण बी साठवून फोडायचं काम बरेच महिने चालतं म्हणून टरफल बराच काळ मिळतं. मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद, म्हणजे फिशमीलवाला (मासळी सुकवून पूड करणारा) तुमच्या सुकलेल्या कोयी ड्रायरसाठी घेणार असेल तर तुमचा माल तयार व्हायला आणि त्याचं काम थांबायला एकच गाठ पडते, वर डोक्यावर पाऊस. त्यामुळे सौदा करताना भाव नंतर, आधी विचारा की शेड कोणाकडे आहे. जूनमध्ये ताडपत्रीखाली ठेवलेली कोय आठवड्यात बुरशी धरते, तो वास मी विसरलेलो नाही. मासळीचं डोकं-काटा, कोळंबीची टरफलं ह्यांचा तर साठा नाहीच, त्याच दिवशी उचलणारा असेल तरच नाव घ्या.

आता काजूच्या टरफलाचं सांगतो, कारण सगळ्यांची नजर त्यावरच असते. टरफल जोरात जळतं म्हणून आम्ही शेजारून कच्चं टरफल आणलं आणि लाकडाच्या जागी तेच घातलं. तिसऱ्या दिवशी आमचा बॉयलरवाला काळे हात दाखवत म्हणाला, "ओ भाऊ, ह्यां जळता कमी नि चिकटता जास्त." चिमणीतून काळा धूर, ट्यूबवर डांबरासारखा थर, आणि गोणी उचलणाऱ्या पोराच्या हाताला फोड आले ते वेगळंच. टरफलात तेल असतं, ते तेल ब्रेक लायनिंग आणि रंगाच्या धंद्यात विकलं जातं, म्हणून कच्चं टरफल तेलाच्या घाण्याला द्यायचं आणि तेल काढून उरलेली पेंड जाळायला घ्यायची. एकाचा कचरा थेट दुसऱ्याला असं नेहमी बसत नाही, मध्ये तिसरा लागतो, आणि तो तिसरा शोधणं हेच खरं काम.

बायोगॅसचंही तसंच. नुसतं आंब्याचं साल घातलं तर त्यातल्या साखरेचं पटापट आम्ल होतं, आतली स्लरी आंबते आणि गॅस थांबतो. शेणात थोडं थोडं मिसळून वाढवत न्या, पहिल्याच दिवशी पाटी ओतू नका. आम्ही ओतली होती.

कागदांबद्दल. साल, कोय, तूस, भुसा हे एक खातं आणि ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचा) गाळ, वापरलेलं ऑइल, सॉल्व्हंट हे पूर्ण वेगळं खातं. दुसऱ्या खात्यातलं ओळखीवर कोणाला देऊ नका. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत नियम 9 आहे, असा माल दुसऱ्याने कच्चा माल म्हणून वापरायचा तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते आणि गाडीबरोबर फॉर्म 10 चा मॅनिफेस्ट, म्हणजे मालाची नोंद असलेला कागद, जातो. लोटे-महाडच्या केमिकलवाल्यांना हे पाठ असतं, आपल्यासारख्या फूडवाल्यांना नोटीस आल्यावर कळतं. आणि साधं जळण बदललं तरी स्वतःचं कन्सेंट, म्हणजे प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र, काढून वाचा, त्यात इंधनाचं नाव लिहिलेलं असतं. लाकूड लिहिलंय आणि आत पेंड जळतेय असं नको.

सल्लागाराला बोलावून मोठा प्लॅन काढायची गरज सुरुवातीला नाही. कारखाने एकमेकांचा कचरा वापरतात म्हणून डेन्मार्कच्या कालुन्बोर्ग गावाचं नाव सगळे घेतात, तिथेही 1972 मध्ये रिफायनरीचा जादा गॅस शेजारच्या जिप्सम बोर्डवाल्याने घेतला आणि बाकीचे एकेक करून जोडले गेले. आपल्या पेणजवळच्या डोलवीत स्टीलच्या भट्टीचा स्लॅग (मळी) लगतच सिमेंटमध्ये दळला जातो, तिथेही अंतर कमी आहे हीच मेख. आपला माल हलका आणि स्वस्त, वीस किलोमीटर नेला की भाडंच मालाला खातं.

पैशाचं म्हणाल तर पहिला सीझन फुकट द्या आणि भाडं घेणाऱ्याने भरावं. दुसऱ्या सीझनला लाकडाच्या त्या वेळच्या भावाशी दर बांधा, ठराविक आकडा लिहिलात तर लाकूड महागलं की देणारा कुरकुरतो आणि उतरलं की घेणारा फोन उचलत नाही. किमान किती टन देणार ते लिहा आणि "आंबा कमी आला तर" ही ओळ नक्की घाला, आंबा कमी येतोच.

शेवटी एक बारीक गोष्ट. पहिल्या गाडीतून दोन गोणी बाजूला काढा, दोघांनी सुतळीला चिठ्ठी बांधून सह्या करायच्या, एक त्याच्याकडे एक तुमच्याकडे. पुढे "माल ओला आला", "खिळे निघाले" असं भांडण झालं की ती गोण सोडायची आणि नव्या मालाच्या शेजारी ठेवून बघायचं.