मंडळीत आपलं कृपादान कामाला कसं लावावं

कृपादान म्हणजे सेवेसाठी पवित्र आत्म्याकडून मिळालेली देणगी. तरुण संघातली मुलं-मुली मला विचारतात, "मावशी, माझं कृपादान कोणतं हे कसं कळणार?" मी विचारते, "आपल्या मंडळीत सध्या काय अडलंय?" शोधाची सुरुवात इथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. मोबाइलवर प्रश्नावल्या भरून कृपादान ओळखायच्या चाचण्या मिळतात, त्या भरायला हरकत नाही. पण प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं की, आत्म्याचं हे देणं प्रत्येकाला मिळतं ते सगळ्यांच्या हितासाठी. मग ज्यांच्या हितासाठी ते दिलंय, त्यांच्याकडे न बघता ते ओळखू कसं येणार?

आधी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचा. रोमकरांस पत्राचा १२वा अध्याय, १ करिंथकरांस १२ ते १४, इफिसकरांस ४ आणि १ पेत्र ४. आठवडाभर पुरवून वाचा आणि वहीत यादी करत जा. कुठल्याही दोन याद्या सारख्या नाहीत, हे लगेच लक्षात येईल. चमत्कार आणि रोग बरे करणं यांच्याच पंगतीत पौलाने मदत करणाऱ्यांना आणि व्यवस्था पाहणाऱ्यांना बसवलं आहे. रोमकरांसच्या यादीत शिकवणं आहे, धीर देणं आहे, मोकळ्या हाताने देणं आहे, हसतमुखाने दया करणं आहे. पेत्र तर बोलणारे आणि सेवा करणारे एवढे दोनच भाग करतो. करिंथकरांसचा १३वा अध्याय लग्नात वाचला जातो म्हणून वगळू नका. प्रीतीचा तो अध्याय कृपादानांच्या दोन अध्यायांच्या मधोमध आलाय, तो उगीच नाही.

मग एका रविवारी उपासनेच्या अर्धा तास आधी चर्चमध्ये या आणि नुसतं बघा. सतरंज्या कोण घालतं, माइकची वायर कोण जोडतं, पायऱ्या चढताना आजोबांना हात कोण देतं. त्या दिवशी तुमच्या मनाला सगळ्यात आधी काय टोचलं, ते लिहून ठेवा. कोणाला 'उपासना संगीत' या गीतपुस्तकाच्या फाटलेल्या प्रती दिसतात, कोणाला मागच्या बाकावर एकटी बसलेली नवी सून दिसते, तर कोणाला तीन रविवार न आलेलं कुटुंब आठवतं. व्यवस्थेचं दान असलेल्या माणसाला विस्कळीत रांग दिसल्यावाचून राहत नाही आणि दयेचं दान असलेल्याला रिकामी जागा.

यानंतर विचारा, पण घरच्यांना नको. पाळकसाहेब, महिला मंडळातली एखादी वयस्क बाई आणि तुमच्याच वयाचं कोणीतरी, अशा तिघांना एकच प्रश्न करा: "माझ्या कोणत्या कामाने तुम्हाला खरा आधार झाला?" आमच्याकडच्या एका मुलाला गायनवृंदाचा पुढारी व्हायचं होतं. तिघांनीही त्याला सांगितलं की, तू लहान मुलांजवळ बसतोस तेव्हा ती वचन पाठ करूनच उठतात. आज तो रविवारची शाळा चालवतो आणि तिथेच मुलांना ढोलकीवर भजनं शिकवतो.

नोकरी-धंद्यातलं कसब वेगळं आणि कृपादान वेगळं, असं काही लोक धरून चालतात. मला ते पटत नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. कवी ते त्याआधीपासूनच होते. तीच कविता प्रभूला वाहिली गेली आणि मराठी मंडळ्या आजही त्यांची भजनं गातात. पंडिता रमाबाईंचं संस्कृत, त्यांची विद्वत्ता शेवटी केडगावच्या मुक्ती मिशन या त्यांच्या आश्रमात पवित्र शास्त्राच्या सोप्या मराठी भाषांतराला लागली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आश्रमातल्या बायकांनी अक्षरांचे खिळे जुळवून छपाईचं काम केलं, तीही सेवाच. तुम्ही वायरमन असा, शिक्षिका असा, टेम्पो चालवत असा, मंडळीला त्याचं काम आहे.

मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, म्हणून आजाऱ्यांच्या भेटीचं जरा सविस्तर सांगते. हे काम दयाळू माणसाला जमतं, पण त्यालाही रीत शिकावी लागते. आधी फोन करा. डॉक्टरांचा राउंड आटोपल्यावर जा. हात धुवा. पलंगावर बसू नका, स्टुलावर बसा, म्हणजे पेशंटला मान वर करून बोलावं लागत नाही. "अमक्यालाही हेच झालं होतं" हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. प्रार्थना करू का, हे विचारा. हो म्हटलं तर २३वं किंवा १२१वं स्तोत्र हळू आवाजात वाचा आणि दोन-तीन मिनिटांत प्रार्थना संपवा, कारण शेजारच्या खाटेवरही माणूस झोपलेला असतो. रात्रभर जागलेल्या सुनेला किंवा मुलाला म्हणा, "तू अंघोळ करून, चार घास खाऊन ये, तोवर मी बसते." पुष्कळदा हीच सगळ्यात मोठी मदत असते. डबा न्यायचा तर मीठ-साखरेचं पथ्य विचारूनच न्या. आजाराचं नाव परवानगीशिवाय प्रार्थनासभेत घेऊ नका. आणि प्रार्थना केली म्हणून गोळ्या बंद करा, असं कोणालाही, कधीही सांगू नका. याकोब आपल्या पत्रात आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडीलजनांना बोलवायला सांगतो, आणि पौलाच्या सोबतीला प्रिय वैद्य लूकही होता. दोन्ही धरून चाला.

अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषेत बोलणं) आणि संदेश (देवाकडून आलेला म्हणून सांगितलेला निरोप) या कृपादानांबद्दल थोडक्यात. पौलाने वाटा बंद केल्या नाहीत, पण दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी पारख करावी, असं सांगितलं. "देवाने मला सांगितलंय, तू याच्याशीच लग्न कर" असं कोणी म्हणालं तर ते तिथल्या तिथे मानू नका. पाळकसाहेबांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या कानावर घाला.

काम धरताना मुदत ठरवा. नाताळ ते पुनरुत्थानाचा सण एवढी पुरे. पाळकसाहेबांना सांगूनच सुरुवात करा आणि आधीपासून ते काम करणाऱ्याच्या हाताखाली राहा. त्याला बाजूला सारू नका. अर्पण मोजायला कायम दोघं हवेत, दोघांच्या सह्या हव्यात. रविवारच्या शाळेत दोन मोठी माणसं आणि दार उघडं, हा नियम भावाबहिणींसाठीही मोडू नका. मुदत संपली की पुन्हा त्याच तिघांना विचारा. फायदा झाला असेल तर पुढे चालू ठेवा. नसेल तर दुसरं काम घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

घरचं आजारपण, परीक्षा, शेतीची घाई असेल तर सरळ सुट्टी मागा. मात्र काम कोणावर सोपवलंय ते सांगून जा. त्यासाठी पहिल्या महिन्यापासूनच कोणाला तरी सोबत घेत चला. आमच्या शुक्रवारच्या भेटींना सध्या बारावीतल्या दोघीजणी येतात. कोणाला भेटायचं, कोणाला पथ्य काय, कोणाच्या घरी कुत्रं सोडलेलं असतं, हे सगळं लिहिलेली वही आता त्याच ठेवतात.