रीपरमध्ये ट्रॅक रिकामे, ऑडिओ फाइल सापडत नाही: माझा अनुभव

रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट उघडला, पण १४ ट्रॅकवर नुसते कोरे तुकडे. लहरी गायब, आवाज नाही. रिकव्हरी सॉफ्टवेअर फिरवलं, रीपर पुन्हा टाकलं. दोन रात्री फुकट गेल्या.

वेव्ह फाइली डिस्कवरच होत्या! बाहेरच्या डिस्कचं अक्षर ई चं एफ झालं होतं, इतकंच.

आरपीपी फाइल, म्हणजे रीपरची प्रोजेक्ट फाइल, हा साधा मजकूर असतो. आधी तिची प्रत काढली. मग रीपर बंद करून मूळ फाइल नोटपॅडमध्ये उघडली, 'फाइल' शब्दापुढचे ई डिस्कचे जुने पत्ते 'रिप्लेस ऑल'ने एफचे केले, सेव्ह केलं. सगळे ट्रॅक वाजले.

लगेच 'सेव्ह ॲज'मध्ये सगळा मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरात कॉपी करायच्या चौकटीवर टिक केली. तो फोल्डर दुसऱ्या डिस्कवर टाकला आणि पहिली डिस्क काढून उघडून पाहिला.