हळद परदेशी पाठवताय? गाडी सांगलीतून सुटण्याआधी एवढं करा

उरणला एका कस्टम्स ब्रोकरकडे मी एक्स्पोर्टचे कागद बघते. हळदीचा सीझन आला की सांगलीकडून नवे फोन येतात आणि पहिलाच प्रश्न असतो, "ताई, न्हावा शेवा बंदरात आपली ओळख आहे का?" ओळखीचं काही काम नाही. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीच्या मालाचं कस्टम्सकडे द्यायचं घोषणापत्र, ऑनलाइन भरतात, कागद ई-संचित या कस्टम्सच्या ऑनलाइन सोयीवर चढतात, कोणता माल उघडून बघायचा ते आरएमएस नावाची जोखीम तपासणारी प्रणाली ठरवते. व्यापार सुलभीकरणाचा जागतिक करार भारताने २०१६ मध्ये मान्य केला आणि त्याच वर्षी आयातीसाठी 'स्विफ्ट' ही एक खिडकीही, म्हणजे सगळ्या खात्यांच्या परवानग्या एकाच ठिकाणी मागायची ऑनलाइन सोय, उघडली. खिडकी एक झाली, आतली खाती मात्र अजून आपापल्या टेबलावर बसलेली आहेत. त्यामुळे धावपळ गाडी सुटण्याआधीच उरकायची.

आयईसी, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याचा कोड, डीजीएफटीच्या (केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर पाचशे रुपयांत निघतो आणि नंबर म्हणजे तुमचा पॅनच. एप्रिल ते जून या काळात दरवर्षी तो अपडेट करायचा. काही बदललं नसेल तरीही. नाहीतर तो बंद पडतो, आणि हे नेमकं शिपिंग बिल भरताना कळतं. बँकेकडून एडी कोडचं, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार बघणाऱ्या तुमच्या शाखेच्या कोडचं, पत्र घेऊन आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर नोंदवा. हळद मसाल्यात येते, म्हणून स्पायसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी हवी. अपेडाकडे, म्हणजे इतर शेतमालाच्या निर्यातीची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे, जाऊन आलेले लोक मला नेहमी भेटतात.

आता जिथे खरे पैसे अडकतात तिथे येऊ. अकाउंटंट टॅलीतून एक बिल काढतो, निर्यातीसाठी कोणीतरी एक्सेलमध्ये दुसरं बनवतं. एकावर '००७/२४-२५', दुसऱ्यावर नुसतं '७'. माल जातो, पैसेही येतात, पण आयजीएसटी (निर्यातीवर लागणारा जीएसटी) भरून निर्यात केली असेल तर रिफंड थांबतो आणि आइसगेटवर 'एसबी००५' हा एरर दिसतो. त्याचा अर्थ, शिपिंग बिलावरचं इन्व्हॉइस आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राच्या ६ए तक्त्यातलं इन्व्हॉइस जुळत नाही. म्हणून बिल एकच काढा, नंबर अक्षरन् अक्षर तोच ठेवा आणि त्याची प्रत एकाच वेळी ब्रोकरला आणि अकाउंटंटला पाठवा. न्हावा शेवाचा पोर्ट कोड 'आयएनएनएसए१' असा आहे. शेवटी एक हा अंक आहे, इंग्रजी आय नव्हे. रिफंडची वाट बघायची नसेल तर एलयूटी, म्हणजे जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र, भरून आयजीएसटीशिवाय माल पाठवता येतो. ती एका आर्थिक वर्षापुरतीच चालते, तेव्हा एप्रिल उजाडला की नवी भरा.

शिपिंग बिल भरण्याआधी ब्रोकर तुम्हाला त्याचा मसुदा, म्हणजे चेकलिस्ट, पाठवतो. "ठीक आहे, करा" म्हणून ती परत पाठवू नका. घरी बसून वाचा. एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा आकडा, बघा: अख्खी हळकुंडं आणि पूड यांचे आठ आकडी कोड वेगळे आहेत. गोणी किती, निव्वळ वजन किती, एकूण वजन किती, हे पॅकिंग लिस्टशी ताडून पाहा. रोडटेपचा, म्हणजे निर्यात मालावरचे काही कर परत देणाऱ्या सरकारी योजनेचा, दावा याच वेळी नोंदवायचा असतो. बिल भरल्यावर दुरुस्ती होते, पण अर्ज, फी आणि खेटे तुमचेच.

खरेदीदाराला एक प्रश्न आधीच विचारून ठेवा: फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (मालाला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) आणि फ्युमिगेशन (किडीसाठी धुरी) लागणार का? प्रत्येक देशाची मागणी निराळी. लाकडी पॅलेट असतील तर त्यांवर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडावर किडीसाठी प्रक्रिया केल्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, शिक्का हवाच. दुबईला पाठवत असाल तर २०२२ पासून भारत-यूएई करार लागू आहे. त्याखालचं ओरिजिन सर्टिफिकेट, म्हणजे माल भारतातलाच असल्याचा दाखला, काढायला विसरू नका, कारण ड्युटीतली सवलत खरेदीदाराला त्याच कागदावर मागता येते.

पहिला कंटेनर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कस्टम्सच्या देखरेखीखालच्या कंटेनर यार्डात, भरा. गोडाऊनमध्ये भरून स्वतः सील करण्याची परवानगी मिळते, पण त्यासाठी आरएफआयडी ई-सील लागतं आणि सीलचा नंबर शिपिंग बिलावर चुकला तर गेटवर गाडी बाजूला लागते. व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन, वेळेत दिलं नाही तर कंटेनर जहाजावर चढत नाही.

एलईओ (निर्यातीची परवानगी देणारा कस्टम्सचा आदेश) मिळाला म्हणजे कस्टम्सने माल सोडला. तिथून पुढे जहाज सुटल्यावर शिपिंग लाइनने ईजीएम, म्हणजे जहाजावर गेलेल्या मालाची यादी, कस्टम्सकडे भरलं का, ते आइसगेटवर स्वतः बघा. नसेल भरलं तर लगेच ब्रोकरला फोन करा. ईजीएमशिवाय रिफंडची गाडी हलत नाही.