एपी स्पॅनिश: शब्द पाठ असूनही मार्क जातात, या चुका टाळा

मे महिना जवळ आला की अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये एपीच्या (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या) परीक्षांची धावपळ सुरू होते. स्पॅनिश घेतलेली बहुतेक मुलं तेव्हा क्रियापदांचे तक्ते घोकताना दिसतात. तक्ते यायलाच हवेत, पण मार्क जातात ते दुसरीकडेच.

आधी हिशेब बघा. पेपर साधारण तीन तासांचा. निम्मे गुण ६५ बहुपर्यायी प्रश्नांना: ३० वाचनाचे, ३५ ऐकण्याचे (यातल्या काहींत ऐकण्यासोबत वाचायचा मजकूरही असतो). उरलेले निम्मे चार कामांना: ईमेलला उत्तर, निबंध, संभाषण आणि सांस्कृतिक तुलना. प्रत्येकाला १२.५ टक्के. संभाषणात तुम्ही बोलता पाच वेळा, दर वेळी २० सेकंद. म्हणजे जेमतेम शंभर सेकंदांच्या बोलण्याला ४० मिनिटं खपून लिहिलेल्या निबंधाइतकंच वजन! वाचनाच्या ३० प्रश्नांना सगळे मिळून २३ टक्के आहेत. तरीही बोलण्याचा सराव शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो.

संभाषणात एक वाक्य बोलून गप्प बसणं ही पहिली चूक. ‘सी, मे गुस्ता’ (हो, मला आवडतं) म्हणून झालं आणि पुढचे १६ सेकंद नुसती शांतता. समोर प्रत्येक वेळी काय करायचं ते लिहिलेलं असतं: नकार द्या, पर्याय सुचवा, प्रश्न विचारा. नकार द्यायच्या जागी होकार दिला, तर व्याकरण कितीही शुद्ध असलं तरी काम झालेलं नसतं. बोलता बोलता चूक लक्षात आली तर बिनधास्त सुधारा; अर्थ त्याने स्पष्ट होत असेल तर परीक्षक ते चांगलंच मानतात. वाक्याच्या मध्येच वेळ संपल्याचा बीप वाजला तरी घाबरू नका.

ईमेलला १५ मिनिटं. इथली चूक मराठी मुलांकडून व्हायलाच नको. स्पॅनिशमध्येही ‘तू’ म्हणजे तूच, आणि आदरासाठी ‘उस्तेद’. सुरुवात ‘एस्तिमादा सेन्योरा’ अशी झोकात होते आणि तिसऱ्या ओळीत ‘पुएदे’ (आपण शकता) ऐवजी ‘पुएदेस’ (तू शकतोस) येऊन बसतं. मराठीत सांगायचं तर, ‘माननीय मॅडम, मला कळवशील का?’ उस्तेदबरोबर क्रियापद तृतीयपुरुषी येतं, हे शेवटच्या ओळीपर्यंत सांभाळा. शिवाय आलेल्या ईमेलमधल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्या आणि आपणही काहीतरी जास्तीची माहिती विचारा. हे विचारायचं राहून जातं, आणि ते सूचनेतच लिहिलेलं असतं.

निबंधात तीन स्रोत असतात: एक लेख, एक तक्ता किंवा आलेख आणि एक ध्वनिफीत. पहिल्या परिच्छेदात लेखाचा सारांश, दुसऱ्यात तक्त्याचा, तिसऱ्यात ध्वनिफितीचा, असा निबंध म्हणजे नुसती हजेरी. आधी स्वतःचं मत मांडा आणि तिन्ही स्रोत त्याच्या कामाला लावा. तक्ता विसरणारे बरेच.

बहुपर्यायीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नका. चारही कामांना प्रत्येकी ० ते ५ गुण मिळतात, तेही एकूण उत्तर बघून, एकेक चूक मोजून नव्हे. सगळ्याचा मिळून शेवटचा निकाल १ ते ५ मध्ये लागतो.

सांस्कृतिक तुलनेला तयारीला चार मिनिटं, बोलायला दोन. ‘लॅटिन अमेरिकेत लोक कुटुंबाला महत्त्व देतात’ असलं गुळमुळीत वाक्य इथे चालत नाही. स्पॅनिशभाषक जगातली एक जागा पकडा आणि तिची आपल्या समाजाशी तुलना करा. समजा विषय परंपरांचा आला. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या दिवशी, गेलेल्या माणसांसाठी घरात वेदी मांडतात आणि त्यांच्या आवडीचं खाणं ठेवतात. आपल्याकडे पितृपक्षात आजोबांच्या आवडीचा पदार्थ पानात वाढून कावळ्याची वाट बघतात. त्या वेदीवर असतो सेम्पासुचिल, म्हणजे आपला झेंडू. तो मूळचा मेक्सिकोचाच. पण तिकडे तो मृतांना घरची वाट दाखवतो आणि आपल्याकडे दसऱ्याला दारावर तोरण होऊन बसतो. साम्य सांगून थांबणं ही इथली मोठी चूक, फरकही हवा. ‘एन काम्ब्यो’, म्हणजे ‘याउलट’, हा शब्द जिभेवर ठेवा आणि फोनवर दोन मिनिटांचा टायमर लावून बोलून बघा. नुसत्या झेंडूवरचं बोलणं मिनिटाभरातच संपतं.