मार्टिन्स लॉ आणि आमच्या हॉलची चार दारं

मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टमधल्या एका कम्युनिटी हॉलच्या समितीत मी अकरा वर्षं आहे. बुकिंग, किल्ल्या, बॉयलरवाल्याच्या मागे लागणं ही माझी कामं. त्यात आता मार्टिन्स लॉची भर पडलीय, म्हणजे लोक जमतात त्या जागांनी दहशतवादी हल्ल्याची तयारी ठेवावी, असं सांगणाऱ्या ब्रिटनमधल्या कायद्याची. २२ मे २०१७ च्या रात्री मँचेस्टर अरीनात स्फोट झाला, २२ जण गेले. त्यातला मार्टिन हेट आमच्याच गावचा. त्याची आई फिगेन मरे यांनी वर्षानुवर्षं लावून धरलं, म्हणून ३ एप्रिल २०२५ ला हा कायदा झाला. तयारीला किमान २४ महिने दिलेत, म्हणजे एप्रिल २०२७ च्या आत तो लागू होणार नाही. तरी गणपती जवळ आले की मंडळांचे फोन सुरू होतात, "ताई, आम्हाला काय करावं लागेल?"

आधी डोकी मोजा. एका वेळी २०० किंवा जास्त माणसं जमण्याची शक्यता असेल, तर जागा कायद्यात येते. यात स्वयंपाकघरातले काका आणि स्टेजमागची मुलंही धरायची. रोज २०० नसले तरी चालतं, अधूनमधून जमले की पुरे. आमच्याकडे एरवी साठ-सत्तर, पण आरतीला साडेतीनशे. ८०० किंवा जास्त असतील तर वरचा टप्पा लागतो: लेखी आराखडा, सामान तपासणी, देखरेख वगैरे. देवळं मात्र गर्दी ८०० च्या वर गेली तरी साधारणपणे खालच्याच टप्प्यात राहतात.

जबाबदारी, जागा ज्याच्या ताब्यात त्याची. संध्याकाळपुरता हॉल भाड्याने घेणाऱ्या मंडळावर ती सहसा येत नाही. पण तिकीट तपासून ८०० माणसं आत सोडणार असाल आणि जागेचा ताबा त्या दिवशी तुमच्याकडे असेल, तर हॉलवाल्यांशी आधीच बोला.

खालच्या टप्प्यात कायदा चारच गोष्टींची तयारी मागतो: लोकांना बाहेर काढणं, धोका बाहेर असेल तर आत घेणं, दारं लावून घेणं आणि सगळ्यांना कळवणं. शिवाय एस.आय.ए. (सिक्युरिटी इंडस्ट्री अथॉरिटी) या सुरक्षा क्षेत्राच्या नियामक संस्थेकडे जागेची नोंद. कॅमेरे, गाड्या अडवणारे लोखंडी खांब विकत घ्यायची सक्ती नाही. "पूर्ण पॅकेज" विकणारे फोन मला आठवड्याला दोन येतात. मी नम्रपणे ठेवून देते. प्रोटेक्टयूके या सरकारी संकेतस्थळावर माहिती आणि प्रशिक्षण फुकट मिळतं.

खरं काम आहे ते आपला हॉल ओळखण्याचं. आमच्या पहिल्या सरावात चारपैकी दोन दारं निकामी निघाली. एकासमोर चपलांचा ढीग, दुसऱ्यासमोर महाप्रसादाचं टेबल. आता चपलांचे रॅक बाहेरच्या भिंतीला आणि प्रसादाची रांग उलट्या बाजूने. आगीच्या सरावाची सवय इथे घात करते. आग लागली की सगळे कार पार्कमध्ये जमतात. धोकाच कार पार्कमध्ये असेल तर? म्हणून कोणतं दार कोण लावणार, हे नावानिशी ठरवा. आतून दांडा दाबून उघडणाऱ्या दारांना साखळी मात्र कधीच लावू नका.

कळवण्याचं सगळ्यात अवघड. ढोल-ताशा सुरू असताना माइकवरून ओरडून काय होणार? आम्ही खूण ठरवली: हॉलचे सगळे दिवे एकदम लागले की पथक थांबणार. मग निवेदक बोलणार, आधी मराठीत, लगेच इंग्रजीत, दोनच वाक्यं. ती कागदावर लिहून माइकच्या स्टँडला चिकटवलीत, कारण घाबरलेल्या माणसाला शब्द सुचत नाहीत.

सुरक्षा एजन्सीची माणसं घेणार असाल, तर प्रत्येकाचा एस.आय.ए. परवाना क्रमांक त्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत तपासा. गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या चौघांपैकी एकाचा परवाना संपलेला होता. त्याला चहा देऊन परत पाठवला. आणि गार्ड उभे केले म्हणून कायद्याची जबाबदारी त्यांच्याकडे जात नाही. खालच्या टप्प्यात दंड १०,००० पौंडांपर्यंत होऊ शकतो, वरच्यात १.८ कोटी पौंड किंवा जगभरच्या उत्पन्नाच्या ५ टक्के, यातलं जे जास्त ते.

स्वयंसेवकांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. मँचेस्टरला त्या रात्री एका पालकाला पाठीवर मोठी बॅग घेतलेल्या हल्लेखोर तरुणाचा आधीच संशय आला होता, त्याने ते सुरक्षा कर्मचाऱ्याला सांगितलंही होतं. पुढे काही झालं नाही. म्हणून आमच्याकडे नियम असा: कोणी काही खटकलं म्हणालं की "असेल काहीतरी" म्हणायचं नाही, तडक दारावरच्या प्रमुखाला गाठायचं. बेवारस पिशवी दिसली तर तीन प्रश्न: मुद्दाम लपवलीय का, वायरी-बियरी दिसतात का, इथे अशी पिशवी नेहमीची आहे का? गणपतीत बेवारस पिशव्या डझनभर निघतात, बहुतेकांत डबे. पहिल्या दोन प्रश्नांना "नाही" आणि तिसऱ्याला "हो" आलं, तरच माइकवरून मालकाला हाका मारायच्या. नाहीतर हात न लावता माणसं लांब न्यायची आणि ९९९ या आपत्कालीन नंबरला फोन.