पुरुषांच्या प्रश्नांवर ऑनलाइन बोलायचंय? वाद होणारच, तो नीट कसा घालायचा

गोव्यात राहून मराठीत पुरुषांच्या प्रश्नांवर लिहायचं म्हणजे दोन्हीकडून बोलणी खायची, हे आधीच मनाशी धरून चला. एक गट म्हणणार हा बायकांच्या विरोधात आहे, आणि जे स्वतःला पुरुषांचे कैवारी म्हणवतात ते म्हणणार हा घाबरट आहे, बायकांची बाजू सांभाळून बोलतो. मला दोन्ही ऐकून घ्यावं लागतं आणि तरी मी लिहितो, कारण आपल्याकडचा बापया, म्हणजे पुरुष माणूस, दुखणं अंगावर काढतो, बोलत नाही, आणि मग एक दिवस अख्ख्या वाड्याला धक्का बसतो. ज्यांना यावर लिहायचंय, व्हिडिओ करायचेत, त्यांच्यासाठी हे.

पहिली गोष्ट, विषय आपल्या गावातला घ्या. बहुतेक पोरं दिल्लीच्या नाहीतर अमेरिकेच्या रील्स बघून सुरू होतात आणि आपल्या साखळी गावातला पोरगा अल्फा मेल, हाय व्हॅल्यू मेल (सगळ्यांवर वरचढ, 'भारी' पुरुष) असलं काहीतरी बोलायला लागतो जे त्याच्या शेजारच्या एकाही घराला लागू पडत नाही. अरे बाबा, तुझ्या आजूबाजूला किती विषय पडलेत. 2012 ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, मधे थोड्या सुरू झाल्या, 2018 च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने परत बंद, आणि डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या पट्ट्यात ज्यांनी खनिज वाहायला कर्ज काढून ट्रक घेतले होते त्यांचे ट्रक दारात उभे राहिले, बँकेचा हप्ता काही थांबला नाही. सगळे विचारायचे ट्रक विकणार काय, तू कसा आहेस हे कितीजणांनी विचारलं? बोटीवर नोकरीला जाणाऱ्यांचं बघा, सहा-सहा, नऊ-नऊ महिने घराबाहेर, पोराचं पहिलं पाऊल व्हिडिओ कॉलवर बघितलेलं, घरी आल्यावर पोर जवळ यायला लाजतं, आणि गावात बोलणं काय तर मजा आहे याची, डॉलर कमावतो. यावर मराठीत कोण बोलतंय? जवळजवळ कोणीच नाही. तिथून सुरुवात करा.

दारूचा विषय गोव्यात काढला की लोक हसण्यावारी नेतात, म्हणून तो मुद्दाम काढा, पण नुसतं ओरडू नका, हातात काहीतरी द्या. पर्वरीच्या संगाथ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने इथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत, दारू त्रासदायक पातळीला गेलेल्या पुरुषांबरोबर काम केलं होतं आणि ते 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी या पुरुषांशी मोजक्या बैठका केल्या. तीन महिन्यांनी बघितलं तर मागच्या 14 दिवसांत दारूला न शिवलेले या गटात 42 टक्के होते आणि फक्त नेहमीचा उपचार मिळालेल्या गटात 18 टक्के. म्हणजे बापया बोलत नाही हे अर्धसत्य आहे, त्याच्यासमोर नीट बसून ऐकणारं कोणी असलं की तो बोलतो. असं एक उदाहरण दहा भाषणांपेक्षा जास्त पोचतं, कारण ते आपल्याच गोव्यातलं आहे.

आता आकडे. इथेच आपली माणसं सगळ्यात जास्त उताणी पडतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा 2022 चा अहवाल सांगतो की देशात 1,70,924 आत्महत्या झाल्या आणि त्यात साधारण 72 टक्के पुरुष. हा आकडा भयंकर आहे आणि तो पुन्हा पुन्हा सांगायलाच हवा. पण लगेच खाली पोस्ट फिरते की बघा, बायकांच्या छळामुळे एवढे नवरे मेले. तो अहवाल तसं म्हणत नाही. कौटुंबिक समस्या हे कारण एकूण सुमारे 32 टक्क्यांच्या घरात आहे पण त्यात घरातलं काहीही येतं, आणि लग्नाशी संबंधित कारणांचा रकाना वेगळा आहे, तो 5 टक्क्यांच्या आत. उलट त्याच अहवालात आत्महत्या केलेल्यांमध्ये चौथ्या हिश्शाहून जास्त लोक रोजंदारीवर काम करणारे आहेत, आणि त्यावर एक रील दिसत नाही मला, कारण रोजंदारीवाल्याच्या मरणावर कोणाला शिव्या घालता येत नाहीत. मला याचा मनापासून राग येतो. शिवाय हेही माहीत असू द्या की 2016 साली जगभरात झालेल्या बायकांच्या आत्महत्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त एकट्या भारतात होत्या. कोणीतरी हा आकडा तुमच्या तोंडावर फेकणारच, तेव्हा तोंड चुकवू नका, म्हणा हो, खरं आहे, आणि तरी 72 टक्के पण खरं आहे.

कायद्याचं पण तसंच. 498अ, म्हणजे नवरा-सासरच्यांकडून बायकोच्या छळाचं कलम, जे आता भारतीय न्याय संहितेत कलम 85 झालंय, त्याचा गैरवापर होतो हे बोलायला घाबरायचं कारण नाही, सुप्रीम कोर्टानेच 2014 च्या अर्नेश कुमार निकालात सांगितलं की तक्रार आली म्हणून आपोआप अटक करायची नाही, गरज काय ते पोलिसांनी लिहून दाखवायचं. ज्याच्या म्हाताऱ्या आईबापाचं नाव तक्रारीत आलंय त्याला या निकालाची माहिती देणं हे तुमच्या शंभर संतापलेल्या पोस्टपेक्षा उपयोगाचं. पण निर्दोष सुटले म्हणजे केस खोटी होती असं गणित मांडू नका, केसेस तडजोडीत मिटतात, साक्षीदार फिरतात, वर्षानुवर्षं रेंगाळून दोघंही कंटाळतात. हा फरक तुम्ही पाळला की समोरचा वकील असला तरी तुमच्याशी नीट बोलतो.

आणि खरोखर जिथे पुरुषाला कायद्यात जागाच नाही तिथे कोणी बोलत नाही. 1 जुलै 2024 ला नवी संहिता लागू झाली आणि जुन्या 377 सारखं कलम (अनैसर्गिक संभोगाचं, ज्याखाली पुरुषावरच्या अत्याचाराची तक्रार तरी नोंदवता यायची) त्यात ठेवलंच नाही, त्यामुळे प्रौढ पुरुषावर बलात्कार झाला तर तो बलात्कार म्हणून नोंदवायला कलम नाही, मारहाण, डांबून ठेवणं अशी दुसरी कलमं लावावी लागतात. लहान मुलग्यांना तरी 2012 चा पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, आहे, तो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा 2007 चा अभ्यास आहे, त्यात लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. एवढा मोठा विषय समोर असताना आपली पोरं बिल कोणी भरायचं यावर रात्रभर भांडतात.

गोव्यातल्यांनी अजून एक सांभाळा. बाहेरचे व्हिडिओ बघून इथली पोरं सांगत सुटतात की घटस्फोट झाला की बायको अर्धं घेऊन जाते. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालत आलाय, लग्नाआधी वेगळा करार करून नोंदवला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, दोघांचा अर्धा-अर्धा हक्क, आणि जमीन-घर विकायचं तर दोघांची सही लागते. ती काही घेऊन जात नाही, ते तिचं आहेच, तसंच तिच्याकडचं तुमचंही आहे. ज्याला वेगळं हवंय त्याने लग्नाच्या सह्यांआधी वकिलाकडे बसून करार समजून घ्यावा, होणाऱ्या बायकोला बरोबर घेऊन. तरुण पोरांना हे सांगा, फार उपयोगी आहे.

लिहायचं कसं, तर एक पोस्ट घेऊन दाखवतो. एका ओळखीच्या पोराने मला टाकण्याआधी दाखवली होती: "आजकालच्या मुलींना फक्त सरकारी नोकरीवालाच पाहिजे, प्रेम बीम सगळं नाटक, पुरुष म्हणजे एटीएम." मी म्हटलं तुला हे कधी वाटलं? तर म्हणाला तिसऱ्यांदा स्थळाकडून नकार आला तेव्हा, मध्यस्थाने सांगितलं खाजगी कंपनीत आहे म्हणून नको. मग म्हटलं तेवढंच लिही. त्याने लिहिलं: "वेर्ण्याला खाजगी कंपनीत आहे. पगार वेळेवर येतो, घरचा हप्ता मी भरतो. तिसऱ्या स्थळाने नोकरी सरकारी नाही म्हणून नाही म्हटलं, आणि त्या दिवसापासून आई माझ्याशी बोलताना नजर चुकवते. मला त्या मुलीचा राग नाही आला. मला आईच्या नजरेचं वाईट वाटतं." पहिल्या पोस्टखाली मारामारी झाली असती, या पोस्टखाली माणसं स्वतःचं सांगायला लागली, त्यात बायका पण होत्या, एकीने लिहिलं माझ्या भावाचं अगदी असंच आहे. वाद तरीही झाला, सरकारी नोकरीच्या वेडावर झाला, आणि तो व्हायलाच पाहिजे होता. तर करायचं एवढंच की "बायका", "मुली", "पुरुष" असे सरसकट शब्द खोडायचे आणि तिथे एक माणूस, एक दिवस, एक घटना ठेवायची.

कमेंट्स. शिव्या देणाऱ्याला उत्तर देऊ नका, धमकी असेल तर स्क्रीनशॉट ठेवून ब्लॉक. पण प्रत्येक विरोधी कमेंट शिवी नसते. माझ्या एका पोस्टवर कोणीतरी लिहिलं होतं, "दादा, तुम्ही म्हणता ते पटतं, पण आमच्याकडे पिऊन येऊन मारणारा बापयाच आहे, त्याचं काय?" अशा वेळी आपले समर्थक तुटून पडतात, नॉट ऑल मेन (सगळे पुरुष तसे नसतात) वगैरे, आणि तुम्ही गप्प राहिलात तर ते तुमच्याच नावावर जमा होतं. मी लिहिलं, "ताई, तुम्ही सांगताय ते चूकच आहे, त्याला माझ्याकडून सूट नाही. आत्ता मारहाण होत असेल तर 112 ला फोन करा, बायकांसाठी 181 पण आहे." आणि त्यांच्यावर तुटून पडलेल्या माझ्याच लोकांच्या कमेंट्स काढून टाकल्या. काही फॉलोअर गेले, जाऊ देत. तुमच्या पानावर बायकांना घाणेरडं बोललं जातं एवढं एकदा पसरलं की ज्या बापयाला खरंच बोलायचंय तो तिथे फिरकत नाही, त्याला लाज वाटते.

अजून एक आपल्याकडची खास गोष्ट, पोस्ट मराठीत असली की खाली दोन-चार कमेंट्समध्ये मराठी की कोकणी हे भाषेचं भांडण सुरू होतं आणि मूळ विषय तिथेच मरतो. कोणी कोकणीत लिहिलं तर कोकणीतच उत्तर द्या आणि विषयावर परत या, त्या वादात एक शब्दही टाकू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रात्री येणारे मेसेज. तुम्ही या विषयावर लिहायला लागलात की ते येणारच, ओळखीचे, अनोळखी, शाळेत बरोबर असलेले. त्यासाठी आधीच तयारी ठेवा. "मर्द बन", "सगळं ठीक होईल", "बायकोला सोड" यातलं काही लिहायचं नाही. मी साधारण असं लिहितो: "दादा, मेसेज वाचला. आत्ता घरात कोण आहे तुझ्याबरोबर? मरायचे विचार येतात काय, सरळ सांग." थेट विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो ही भीती लोकांना असते, तसं होत नाही, उलट माणूस सुटतो. हो म्हणाला तर 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर द्या, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, जीव धोक्यात वाटला तर 108 किंवा 112, आणि घरातल्या एका माणसाशी बोलायची परवानगी त्याच्याकडून मागा, जीवावरचं असेल तर परवानगीची वाट बघू नका. दुसऱ्या दिवशी बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात बरोबर येतो म्हणा. बांबोळीला गेला म्हणजे वेडा, हे आपल्याकडे अजून चालतं, म्हणून एकट्याला पाठवू नका. आणि तो मेसेज, नाव पुसून सुद्धा, पोस्ट करू नका. गोवा लहान आहे, दोन तपशिलांवरून लोक माणूस ओळखतात. कोणी आत्महत्या केली तर कशी केली ते लिहायचं नाही, आणि अमक्यामुळे केली असा निकालही द्यायचा नाही, तुम्ही घरात नव्हता.

नावांचं तेच. भांडणात एका बाजूचं ऐकून बायकोचा फोटो टाका, तिच्या ऑफिसला टॅग करा अशी मागणी येते, कितीही कळवळून आली तरी नाही म्हणा. बदनामीची केस तुमच्यावर होईल ती वेगळी, पण मुलाच्या ताब्याची केस चालू असेल तर तुमची पोस्ट त्याच बापाच्या विरुद्ध कोर्टात वापरली जाते आणि तो पोराला भेटायला मुकतो. पॉक्सोच्या प्रकरणात तर मुलाची ओळख उघड होईल असं काहीही टाकणं गुन्हा आहे.

थोडे फॉलोअर झाले की पैसेवाले येतात, प्रोटीन पावडर विकणारे, मुली पटवायचा कोर्स विकणारे, ट्रेडिंगवाले. सगळ्यांना नाही. दुखावलेल्या पोराच्या खिशात हात घालायचा हा धंदा आहे आणि या क्षेत्रातली निम्मी घाण तिथून येते. बायकांबद्दल घाणेरडं बोलून प्रसिद्ध झालेल्या इन्फ्लुएन्सर अँड्र्यू टेटला 2022 च्या ऑगस्टमध्ये मोठमोठ्या प्लॅटफॉर्म्सनी काढून टाकलं तरी त्याचे तुकडे दुसऱ्यांच्या अकाऊंटवरून फिरत राहिले, कारण ते फिरवण्यात पैसा होता. तुमचा व्हिडिओ पण असाच कापून फिरणार हे धरून बोला. जे वाक्य मागचं-पुढचं काढून एकटं ठेवलं तर उलटं वाटेल ते रेकॉर्डच करू नका.

घरच्यांना आधी सांगून ठेवा, बायको, आई, बहीण, त्यांना ऑफिसात, मंदिरात, लग्नात लोक विचारतात. टाकण्याआधी त्यांच्यातल्या एकीला वाचायला द्या, सेन्सॉर म्हणून नव्हे, तर ज्या जागा तुम्हाला दिसत नाहीत त्या त्यांना दिसतात.

सुरुवात कधी करायची विचाराल तर 19 नोव्हेंबर, आंतरराष्ट्रीय पुरुष दिन. त्या दिवशी सगळीकडे नवऱ्यांवरचे विनोद फिरतात, म्हणून नेमकी त्याच दिवशी एक खरी गोष्ट टाका, तुमच्या वाड्यावरची, त्या माणसाला आधी वाचून दाखवून, त्याच्या परवानगीने. खाली 14416 लिहा, त्याआधी नंबर स्वतः लावून बघा. आणि पोस्ट रात्री टाकू नका, सकाळी टाका, म्हणजे जो कोणी मेसेज करेल त्याला उत्तर द्यायला तुम्ही दिवसभर जागे असाल.