पाकटीच्या टाकीचं पाणी कसं सांभाळावं

माझ्याकडे मोटोरो जातीची पाकट (चपट्या, गोल अंगाचा मासा, इंग्रजीत स्टिंगरे) आहे, मूळची दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधली. हिच्या अंगाला इतर माशांसारखे खवले नसतात, म्हणून पाणी बिघडलं की सगळ्यांत आधी हिलाच त्रास होतो. तेव्हा नव्या टाकीत तिला लगेच सोडूच नका. माशाच्या घाणीतून विषारी अमोनिया होतो; त्याचं आधी नायट्राइट (तेही विषारी) आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला महिना-दीड महिना लागतो. थोडा अमोनिया घालून पाहा; चोवीस तासांत तो आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की मगच आणा.

दर रविवारी मी एक तृतीयांश पाणी बदलतो. नळाचं पाणी आदल्या दिवशी पिंपात भरून एअरपंप लावून ठेवतो, म्हणजे क्लोरीन उडून जातं. घाईत क्लोरीन घालवणारं सोडियम थायोसल्फेट घालतो. नवं पाणी टाकीइतकंच कोमट हवं, २६ ते २८ अंश. नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भाग) वर गेलं तर रविवारची वाट बघत नाही.

मागच्या मे महिन्यात रात्रभर वीज नव्हती आणि फिल्टर बंद. सकाळी पाहतो तर तिच्या चकतीसारख्या अंगाची कड वर वळलेली, डोळ्यांमागची श्वासछिद्रं भराभर उघडमीट करत होती. पोटात गोळाच आला. लगेच निम्मं पाणी बदललं, दोन दिवस खाणं बंद ठेवलं, तेव्हा कुठे कड सपाट झाली. तेव्हापासून बॅटरीवरचा एअरपंप टाकीशेजारीच असतो.

कोळंबीचे उरलेले तुकडे वाळूत कुजतात. खाऊन झाल्यावर तासाभरात सायफनने ओढून घ्या. हात घालताना शेपटीचा विषारी काटा कुठे आहे ते आधी बघा. तांबं असलेलं औषध मात्र टाकीत कधीच घालू नका.